चुकलं की वाजणारा पट्टा

रेल्वेतून निवृत्त झालेल्या कृष्णातना दोन हजार सहा साली अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डाव्या पायावर भार द्यायची भीतीच बसली. सगळं अंग उजवीकडं झोकून ते पाय फरफटत चालायचे. मुलगी संघप्रिया कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. दिवसभर परक्यांना चालवून ती घरी यायची आणि घरचाच पेशंट ऐकत नसायचा.

"आबा, डाव्यावर भार द्या."

"देतोय की."

"देत न्हाय तुम्ही."

शेवटी तिनं इंजिनिअरिंगला असलेल्या भावाला, प्रसेनजीतला, कामाला लावलं. त्यानं जुन्या मोबाईलमधली थरथरणारी मोटर पोटरीला बांधायच्या पट्ट्यात बसवली आणि वायर डाव्या चपलेत बसवलेल्या, भारानं दबणाऱ्या बटणाला जोडली. डावं पाऊल अर्धवट टेकलं की पट्टा थरथरायचा.

पहिल्याच फेरीत आबा वैतागून पाय वर घेऊन खुर्चीत बसले. पट्टा गप्प झाला. मग ते उठेचनात. आठवडाभर हेच चाललं.

"तुम्हाला चालवायला केलाय तो, बसवायला न्हाय," संघप्रिया चिडली.

आबांनी पट्टा सोडून टेबलावर आपटला. "घरात तुझी आई टोकती. गल्लीत येणारंजाणारं पावणंबी सांगतंय, पाय नीट टाका. तू तर हाईसच. आता माझ्या पायालाबी तोंड फुटलं. चुकलं की वाजतंय. बरोबर पडल्यावर कोण बोलतंय का?"

भाजी निवडणाऱ्या आईचा, आक्काताईंचा, हात थांबला. संघप्रिया रागानं आत निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिला स्वतःचाच आवाज ऐकू यायला लागला: असं नको, वाकू नका, चुकलं. संध्याकाळी तिनं प्रसेनजीतला जोडणी उलटी करायला सांगितली. आता पूर्ण भार पडला तरच पट्टा थरथरणार होता.

"परत सगळं उसवायचं? परीक्षा हाय माझी."

"कर म्हणते न्हवं."

आबा कुरकुरतच उठले. दोनतीन पावलं मुकी गेली. मग पोटरीत थरथर झाली. ते थबकले, आणि मुद्दाम तसंच पाऊल पुन्हा टाकून पाहिलं.

"वाजलं की," ते म्हणाले.

चाल काही पूर्ण सुधारली नाही, काठी राहिलीच. पण दिवाळीपर्यंत ते एकटे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊ लागले. घामानं पट्टा वरचेवर बंद पडायचा. प्रसेनजीत अभ्यासाला बसला की नेमके आबा तो घेऊन यायचे आणि दुरुस्त होईपर्यंत शेजारी उभे राहायचे.

"आबा," तो वैतागून म्हणायचा, "जरा बसा तरी."