वरून पाणी

"मी हात लावणार न्हाई. तुमी करा, मी सांगते."

नर्मदाबाई भांडी घासायच्या दगडाशेजारी उकिडवी बसली आणि दोन्ही हात काखेत घातले. दगडावर कॉफीचा पितळी फिल्टर. पलीकडे कावेरीबाई, साडी वर खोचून, या दगडापाशी पहिल्यांदाच. येलदरीच्या कॉलनीत सगळ्या क्वार्टरांत चहा, कॉफी फक्त याच घरात, कारण ही माणसं धारवाडकडची. साहेब, म्हणजे व्यंकटराव, धरणाच्या कचेरीत हेडक्लार्क.

आठ दिवसांनी नर्मदाबाई आज आली ती काम सोडते एवढंच सांगायला. कावेरीबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, फिल्टर तुंबलाय, थेंब पडत नाही, सकाळपासून घरात आरडाओरड चाललीय.

झाकण.

यात सांगण्यासारखं काही नाही. झाकण कुणीही धुवावं.

दट्ट्या.

छत्रीसारखी चकती, मधोमध दांडी. पुडीवर दाबायची.

"चकतीखालून बोट फिरवा. चिकट लागतंय न्हवं? ते आजचं न्हाई. आठ दिस तुमी निस्तं विसळायलाव."

कावेरीबाईंनी बोट फिरवलं. काळं निघालं. त्या म्हणाल्या, मला कुठं माहीत होतं. नर्मदाबाईच्या मनात आलं, माहीत करून घ्यायला एकोणीस वर्षं होती. पण राग बोलण्यात घालवायचा नाही, असं ती वाटेतच ठरवून आली होती.

वरचं भांडं.

सगळं याच्यात. तळाला बारीक भोकं, शंभरावर असतील. इथलं पाणी जड, पांढरा थर धरतं; त्यात कॉफीचा गाळ बसला की दगड होतो.

"राख आत न्हाई. राख भोकात बसती. चिंच फक्त भाइरून. आत उकळतं पाणी आन् चिमूटभर सोडा. मंग सुई. गोधडीची न्हाई, पोलक्याची. गोधडीच्या सुईनं भोक मोठं झालं तर कापी धो धो पडती, तिला चव न्हाई."

तिनं स्वतः ती कॉफी कधी प्यायली नव्हती. चव तिला साहेबांच्या ओरडण्यावरून कळायची.

कावेरीबाई सुई टोचत होत्या. एक भोक. दुसरं. तिसऱ्याला सुई बोटात गेली. नर्मदाबाईचे हात काखेतून सुटायला आले, तिनं ते परत दाबून धरले.

आधी कावेरीबाईंच्या सासूबाई होत्या. नर्मदाबाईनं घासलेली भांडी मागच्या पायरीवर पालथी घालायची, सासूबाई तांब्यातून वरून पाणी टाकणार, मगच भांडी आत. अकरा वर्षं. सासूबाई गेल्या आणि पाणी थांबलं. कधी थांबलं ते नर्मदाबाईला लगेच कळलंही नाही. एक दिवस भांडी कोरडीच आत गेली आणि मग रोजच जायला लागली. तिनं ते बौद्धवाड्यात कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

यंदा संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराची बातमी रेडिओवर आली. वाड्यात रात्रभर ढोल. दुसऱ्या दिवशी तिनं कावेरीबाईंना पेढा दिला, त्यांनी इथंच उभ्यानं खाल्ला. साहेबांनी खिडकीतून पाहिलं. त्याच दिवशी कावेरीबाई तांब्या घेऊन पायरीवर आल्या. खाली बघून पाणी टाकलं.

सतरा वर्षं पोरं मेली, घरं जळली, तेव्हा कुठं नाव मिळालं. आणि इथं एका पेढ्यानं तांब्या परत आला.

"नर्मदाबाई," कावेरीबाई हळूच म्हणाल्या, "तू राहा. मी खोटं खोटं टाकीन. तांब्या रिकामाच आणीन. त्यांना काय कळतंय लांबून."

"अन् मला?"

कावेरीबाईंनी सुई खाली ठेवली.

"खोटं त्येंच्यासाठी हुईल बाई. मी तर हितंच बसलेली असते ना. रोज रिकामा तांब्या वाकडा केलेला मीच बघायचा?" तिचा आवाज चढला. "त्यापरीस भरलेला बरा. त्यात निदान पाणी तरी असतंय."

कावेरीबाईंनी मान खाली घालून पुन्हा सुई धरली. नर्मदाबाई तिथून उठली नाही. अर्धवट काम टाकून तिला कधी जाता आलं नव्हतं, आज तर ते दुसऱ्याच्या हातात होतं. भोकं मोकळी व्हायला बराच वेळ लागला. उन्हासमोर भांडं धरायला लावून नर्मदाबाईनं लांबूनच पाहिलं. कडेची दोन राहिलीत म्हणाली. तीही झाली.

खालचं भांडं.

सांगायचं राहिलं. मागचं दार उघडून व्यंकटराव आले, आंघोळ करून, हातात तांब्या. दगडाशेजारी नर्मदाबाई, बायकोच्या हातात ओला फिल्टर. फिल्टर कुणी घासला ते त्यांनी विचारलंच नाही. दोन पायऱ्या उतरले आणि तांब्यातलं पाणी वरून ओतलं. फिल्टरवर, बायकोच्या दोन्ही हातांवर, बांगड्यांवरून कोपरांपर्यंत.

"हं, आण आता आत," म्हणाले आणि गेले.

कावेरीबाई तशाच बसून राहिल्या. हात पुढे, पाणी गळतंय. मग त्यांनी नर्मदाबाईकडे पाहिलं. नर्मदाबाईनं नजर काढून घेतली नाही. या घरात ती वर्षानुवर्षं जे बघत आली ते आज दुसऱ्या कुणीतरी अंगावर घेतलं होतं, आणि त्याचं तिला काडीचं समाधान वाटत नव्हतं.

ती उठली, लुगडं झटकलं, कुंपणाच्या फटीतून बाहेर पडली.

आतून साहेबांनी कॉफीसाठी हाक मारली. दुसरी हाक तिला रस्त्यावर ऐकू आली. ती जरा थांबली. कुणी ओ दिली नाही.