बाहेरून लावलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी कडी आहे आणि मला राग आलेला आहे. वस्तूंना राग येत नाही, असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल. आधी माझी हकिकत ऐका, मग ठरवा.

खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक असलेल्या विठ्ठलरावांनी मला विकत आणलं आणि नौपाड्यातल्या आपल्या घरी आतल्या खोलीच्या दाराला बसवलं. आतल्या बाजूने. ती खोली त्यांच्या थोरल्या मुलाची, सुधीरची. सुधीरची समज वयाबरोबर वाढली नाही. त्याला वाचता आलं नाही, घड्याळ कळलं नाही. पण कपडे बदलताना दार लावावं, हे त्याच्या आई गोदूबाई त्याला दीड वर्ष शिकवत होत्या. ज्या दिवशी मी त्याच्या बोटांनी नीट लागले, त्या दिवशी गोदूबाईंनी मजल्यावर साखर वाटली.

मोठा झाल्यावर सुधीर एका कार्यशाळेत जाऊ लागला. तिथे त्याच्यासारखी माणसं कागदी पिशव्या करत. पंचवीस वर्षं तो रोज गेला. घरी आला की खोलीत जाऊन मला लावायचा, शर्ट बदलायचा आणि मला काढून चहाला यायचा. माझे ते चांगले दिवस.

विठ्ठलराव गेले. दोन वर्षांपूर्वी गोदूबाईही गेल्या. धाकटा भाऊ दिपेश बायकोला, हेमाला घेऊन त्या घरात राहायला आला. दोघंही नोकरीला जाणारे. मग एकदा सुधीर कार्यशाळेतून निघाला तो घरी आलाच नाही. संध्याकाळी दूर शीळफाट्याला सापडला. एका रिक्षावाल्याने त्याला आणून सोडलं.

"मी काय करू रे आता? जॉब सोडू?" हेमा म्हणाली.

"तू नको सोडू. मीपण नाही सोडणार," दिपेश म्हणाला आणि त्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला. मला आतून काढलं आणि बाहेरून बसवलं. "मार्केटला वगैरे जाताना फक्त. अर्धा तास."

अर्ध्या तासाचा अख्खा दिवस झाला. कार्यशाळा सुटली. आत एक ताट, एक पाण्याची बाटली आणि एक बादली. सुधीर दार ढकलायचा आणि मी धरून ठेवायचे. पितळेला दुसरं काही येत नाही. माझा पहिला राग माझ्यावरच होता.

पण बाकीच्यांना तर हातपाय होते, तोंड होतं. त्यांनी काय केलं, ते नंतर कोर्टात जबाब वाचले गेले तेव्हा मी ऐकलं.

कार्यशाळेच्या प्राचीताईंनी घरी फोन केला. "दादा गावाला गेलाय," दिपेशने सांगितलं. महिन्याने त्या पोलीस चौकीत गेल्या. हवालदार म्हणाला, "मॅडम, सख्ख्या भावाकडे आहे ना? मग तक्रार कसली?" त्याने काही लिहून घेतलं नाही. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातली संचिता तापाच्या पाहणीला आली होती. तिने मला पाहिलं, हात लावून पाहिला. "सामानाची खोली आहे," हेमा म्हणाली. संचिताने फॉर्मवर 'खोली बंद' असं लिहिलं आणि तो फॉर्म गठ्ठ्यात गेला. सोसायटीचे सेक्रेटरी बाबुराव खालच्याच मजल्यावर राहतात. त्यांना दार आपटल्याचे आवाज यायचे. त्यांनी सोसायटीतर्फे नोटीस पाठवली, आवाज बंद करा म्हणून.

त्या दिवशी दिपेश दाराशी येऊन म्हणाला, "परत आवाज केलास तर जेवण नाही."

सुधीरने आवाज बंद केला. बाबुरावांचं समाधान झालं.

असे नऊ महिने गेले. एकीला माहीत होतं की तो दिसत नाही. दुसरीला माहीत होतं की खोली बंद आहे. तिसऱ्याला माहीत होतं की आत कुणीतरी आहे. प्रत्येकाने आपापलं कळलेलं आपापल्या कपाटात ठेवलं.

पुढच्या पाहणीला संचिता परत आली. दाराखालून वास येत होता. खाली जाऊन तिने बाबुरावांना विचारलं, "वर कोण कोण राहतं?"

"दिपेश, त्याची बायको आणि तो सुधीर. पूर्वी कार्यशाळेत जायचा. आता शांत असतो."

संचिता तशीच कार्यशाळा शोधत गेली. प्राचीताई आणि ती, दोघी मिळून चौकीत गेल्या. हवालदाराने परत तेच सुरू केलं, तेव्हा प्राचीताई म्हणाल्या, "आम्ही इथून हलणार नाही. तुमच्या साहेबांना बोलवा, तहसील कचेरीत दंडाधिकाऱ्यांना फोन लावा आणि यांच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही इथेच बोलवा. एकमेकांचं ऐका तरी."

सगळे एका टेबलाशी बसले. बाबुरावांनाही बोलावलं. चाळीस मिनिटं लागली, मित्रांनो. नऊ महिन्यांत जे झालं नाही, त्याला चाळीस मिनिटं. त्याच दुपारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन पोलीस आणि डॉक्टर या सगळ्यांसह दाराशी आले.

संचिताने मला काढलं. सुधीर भिंतीला टेकून बसला होता. दाढी छातीपर्यंत आलेली, पायांत उभं राहायची ताकद नव्हती. त्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "मी आवाज नाही केला."

बाबुराव जिन्यात जाऊन बसले. बसू देत.

पंचनामा झाला, मला उपटून पुराव्याच्या पाकिटात घातलं. खटला चालू आहे. प्राचीताईंनी कोर्टात सांगितलं, सुधीर आता बदलापूरला त्याच्यासारख्या माणसांच्या एका निवासात राहतो. दोन महिन्यांच्या उपचारांनंतर चालायला लागला. तिथली दारं दिवसभर उघडी असतात. तरी तो उंबऱ्याशी थांबतो, कुणीतरी "ये" म्हणेपर्यंत पाऊल टाकत नाही. प्राचीताई रोज संध्याकाळी जातात आणि त्याला "ये" म्हणतात.

मित्रांनो, माझी विनंती गोड शब्दांत करायची माझी इच्छा नाही. तुमच्या जिन्यातलं एखादं माणूस दिसेनासं झालं, तर दार वाजवा. उत्तर पटलं नाही, तर चौकीत जा. चौकीने हाकललं, तर दवाखान्यात जा आणि तिथल्या माणसाला हाताला धरून परत चौकीत आणा. मोठी माणसं म्हणतील, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये. खुपसा.