मनकवडे महाराज आणि विश्वंभरची वही

दर गुरुवारी हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढं, माळावरच्या पत्र्याच्या शेडपुढं पाय ठेवायला जागा नसायची. आत मनकवडे महाराज बसायचे. समोरचा तोंड उघडायच्या आत ते त्याचं दुःख सांगायचे. "दोन पोरी हायत, तिसऱ्या खेपेला पोट पडलं. बराबर?" बाई ढसाढसा रडायची. "मळणीयंत्रात बोट गेलं. बराबर?" बोट नसलेला माणूस थक्क व्हायचा आणि उरलेल्या नऊ बोटांनी हात जोडायचा. महाराज पूर्वी काय करायचे, ते मात्र सगळ्यांच्या मनातलं ओळखणाऱ्या महाराजांनाही आठवत नसे.

एका गुरुवारी मिराबाई आपल्या एकतीस वर्षांच्या पोराला, विश्वंभरला घेऊन आली. महाराजांनी डोळे मिटले.

"पोराला कानात आवाज यायचे. सहा वर्सांची तकलीफ. नोकरी सुटली, सोयरीक मोडली. बराबर?"

मिराबाईनं पायावर डोकं ठेवलं.

"ह्याच्या अंगात जो बसला, तो गोळ्यांच्या आड लपून राहिला," महाराज म्हणाले. "येत्या गुरुवारी सगळ्या गोळ्या धुनीत टाक. पोराला एकवीस दिस हितं साखळीला ठेव."

शेडमागं साखळीला बांधलेले दोघंजण आधीच होते. विश्वंभरनं त्यांच्याकडं पाहिलं आणि तो दोन पावलं मागं सरकला.

आता सरळच सांगतो. विश्वंभरला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या सुरू झाल्यावर आवाज थांबले. मध्ये एकदा बंद केल्या तर महिन्याभरात परत आले, ते त्यानं भोगलं होतं. एक अडचण तेवढी उरली होती. समोरच्याच्या तोंडावर काय आहे ते त्याला चटकन कळायचं नाही. कुणी हसलं की प्रेमानं हसलं की टिंगल केली, याचा तो तासभर विचार करत बसायचा. म्हणून हिंगोलीच्या दवाखान्यातल्या साधना मॅडमनी त्याला वही करून दिली होती. डोळे बघ, तोंड बघ, हात बघ, मग अंदाज लिही. आणि शेवटी त्या माणसालाच विचार.

गाव हसायचं. माणसं बघून लिहितो म्हणजे येडाच की! आपल्यासारख्या शहाण्यांना वही लागत नाही. आपल्याला बघताक्षणी समजतं, आणि समजलेलं कधी तपासावं लागत नाही.

"माय, त्यायला आपलं कसं कळलं?" विश्वंभरनं घरी विचारलं.

"देवमाणूस हाय त्यो. तू काहून शंका काढून राहिला?"

त्यानं वही उघडली. त्या गुरुवारची नोंद सेनगावहून माळावर जाणाऱ्या जीपमधली होती. ती काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय सुटत नाही. पाऊण तास माणसं नुसती बसून असतात. वहीत लिहिलं होतं: 'शेजारची आशाबाई. तोंड रडतं. डोळे कोरडे. हातात पदर, नजर मायकडं. अंदाज: समजला न्हाई. विचारायचं राहिलं.'

दुसऱ्या गुरुवारी मिराबाई गोळ्यांची पिशवी छातीशी धरून पुढं ड्रायव्हर संतरामजवळ बसली. विश्वंभर मागं बसला. शेजारी आशाबाई होतीच.

"पाच गुरुवार धरलेत रे लेकरा," ती पदर डोळ्याला लावून म्हणाली. "तरणाताठा जावई गेला माझा." मागच्या खेपेला तिचा पोरगा गेला होता.

विश्वंभरनं राहिलेलं काम उरकलं. "मावशी, तुमाला खरंच रडू येऊन राहिलं का?"

अख्खी जीप त्याच्यावर तुटून पडली. "लाज न्हाई का रे? दुःखातल्या बाईला असं इचारतेत व्हय?"

आशाबाईचा पदर तेवढा खाली आला, डोळे कोरडेच होते. आता विश्वंभरला अंदाज आला. त्यानं आवाज बारीक केला.

"चुकलं, मावशी. मायनं एक सांगितलं न्हाई. माझा थोरला भाऊ हिरीत बुडून मेला. त्योच कानात बोलायचा."

आशाबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माळावर उतरताच ती पाणी प्यायला म्हणून शेडमागं गेली.

मायलेकांचा नंबर आला. धुनी पेटलेली होती. महाराजांनी डोळे मिटले. "मागच्या खेपेला एक गोष्ट झाकून ठिवली, बाई. थोरला पोरगा हिरीत गेला. त्योच धाकट्याला बोलवून राहिला. बराबर?"

मिराबाईचा पिशवी धरलेला हात धुनीवर होता. तो तिथंच थांबला.

"म्हाराज," ती म्हणाली, "मला एकच लेकरू झालं."

"मागच्या जन्मीचा असंल."

"मागच्या जन्मी सेनगावला जीप व्हती का?" विश्वंभर म्हणाला. वही मोठ्यानं वाचून तो गर्दीकडं वळला. "थोरल्या भावाचं मी आज जीपमधी आशामावशीला खोटंच सांगितलं व्हतं. तिला आणखी कुणी काय सांगितलं?"

नऊ बोटांचा माणूस खाकरला. "मी... बोटाचं सांगितलं व्हतं." मग दोन पोरींची आई बोलली, मग तिच्या मागचा. महाराजांना अचानक समाधी लागली. ती पोलीस आल्यावर उतरली.

चमत्कार एवढाच होता: न सुटणारी जीप, कोरड्या डोळ्यांनी रडणारी बाई आणि शेडला मागचं दार. साखळीतले दोघं त्याच दिवशी हिंगोलीच्या दवाखान्यात गेले. कानात आवाज येणं हा आजार आहे. त्यावर औषध आहे. आजारी माणूस कुणाच्या धुनीचं सरपण नाही. कुणी तुमच्या मनातलं सांगितलं तर पाया पडण्याआधी एवढंच आठवा, की हे आपण कुणाकुणाला सांगितलंय.

परतीच्या जीपमध्ये विश्वंभरनं आईकडं पाहिलं. डोळे खाली, ओठ मिटलेले, पिशवी घट्ट धरलेली. त्यानं लिहिलं: 'अंदाज: राग.' मग विचारलं, "माय, राग आला का?"

"राग न्हाई रे," मिराबाई म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते. "तुला साखळीला बांधाया मीच आणलं व्हतं. लाज वाटून राहिली."

विश्वंभरनं 'राग' खोडलं आणि 'लाज' लिहिलं. मिराबाईनं पिशवीतून संध्याकाळची गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याची बाटली उघडून दिली.