घर नसलेला दरवाजा

मित्रांनो, मी दरवाजा आहे आणि आता म्हातारा झालो आहे. पण माझ्यामागे घर असे कधीच नव्हते. पुढून पाहिले तर वर्ग दिसतो आणि मागून पाहिले तरी तोच वर्ग दिसतो. माझ्यासारखा रिकामा जन्म कोणाच्या वाट्याला येऊ नये, असे मला पुष्कळदा वाटते.

समाजकार्याची पदवी देणाऱ्या एका महाविद्यालयात माझा जन्म झाला. तिथल्या मॅडमनी सुताराला बोलावून सांगितले, "मला एक दार हवंय. चौकटीसकट. वर्गाच्या मधोमध उभं राहील असं."

"आणि भिंत?" सुताराने विचारले.

"भिंत नको."

सुताराने डोके खाजवले. पण त्याने काम मन लावून केले. पक्के सागवान, पितळेची कडी, आतून साखळी, मी धक्क्याने पडू नये म्हणून खाली जड पाट. जाताना माझ्यावरून हात फिरवून तो म्हणाला, "बाबा रे, तुझं कसं व्हायचं?" माझी एवढी काळजी नंतर फार कोणी केली नाही.

माझे काम असे होते. या मुलामुलींना पुढे लोकांच्या घरी जायचे असते. कोणाच्या घरात आजारपण असते, कोणाचे मूल शाळेतून गळालेले असते, कोणी म्हातारा एकटाच राहत असतो. अशा घराचे दार कसे वाजवायचे, हे आधी माझ्यावर शिकायचे. मॅडम माझ्यामागे स्टूल टाकून बसत आणि घरातले माणूस होत. विद्यार्थी पुढून टकटक करी.

तुम्ही म्हणाल, दार वाजवण्यात काय शिकायचे? मलाही आधी तसेच वाटले होते. पण एक जण पोलिसासारखे धडाधड वाजवी. एकीने दार उघडताच पाठ केलेले भाषण सुरू केले, "आम्ही आपल्या समस्यांचे निराकरण करण्यास आलो आहोत," तेव्हा मॅडमनी मला हळूच लावून घेतले. एक पठ्ठ्या तर वाट पाहून कंटाळला आणि वळसा घालून सरळ माझ्या मागे गेला.

"अरे, घराला अशी बाजू नसते," मॅडम म्हणाल्या. "असली तर तिथून चोर जातात."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो असतो. पण हसून झाल्यावर सगळे आपापल्या घरी गेले आणि मी तिथेच उभा राहिलो. मुले तीन वर्षांत शिकून बाहेर पडत. ज्या घरांसाठी त्यांनी माझ्यावर सराव केला, त्या घरांचे पुढे काय झाले, हे मला कोणी येऊन सांगत नसे. दाराला कोण सांगणार?

मग एकदा शेवटच्या वर्षाच्या वर्गात ती आली. वर्गात तिला सगळे तोफ म्हणत. मन लोण्याचे, पण आवाज असा की माझ्या बिजागऱ्या थरथरत. क्षेत्रकार्यात, म्हणजे प्रत्यक्ष वस्तीत जाऊन करायच्या कामात, तिला एक घर मिळाले होते. तिथली नऊ वर्षांची मुलगी दोन महिने शाळेत गेली नव्हती. महिनाअखेरपर्यंत काही कळले नाही, तर शाळा तिचे नाव काढणार होती.

पहिल्या भेटीहून तोफ परतली ती रडतच.

"मॅडम, मी दारातच सगळं विचारलं. मुलगी का येत नाही, वडिलांचं मन ठिकाणावर नाही हे खरं का, म्हणून तिला त्यांच्यापाशी बसवता का. माझा आवाज तर तुम्हाला माहीतच आहे."

"मग?"

"तिच्या आईनं शेजाऱ्यांना सांगितलं होतं की वडील बाहेरगावी कामाला असतात. आता सगळ्यांना कळलं. आईनं माझ्या तोंडावर दार लावलं, मॅडम. परत येऊ नकोस म्हणाल्या."

त्या मजल्यावरची शेजाऱ्यांची चारही दारे उघडली होती आणि उघडायला हवे होते ते तेवढे बंद झाले होते. तोफ म्हणाली, "मला हे जमणार नाही. मी शिक्षण सोडते."

मॅडम रागावल्या नाहीत. त्या माझ्यामागे स्टुलावर जाऊन बसल्या. "सोड खुशाल. पण त्या पोरीचं नाव जाईल ना गं. आधी वाजव."

पाच दुपारी ती माझ्यावर सराव करत होती. पहिल्या दिवशी आवाजच मोठा. दुसऱ्या दिवशी आवाज लहान, पण प्रश्न तेच. तिसऱ्या दिवशी मॅडमनी आतून विचारले, "आता अजून काय हवंय तुला?" या बाजूला ती ओठ चावत होती, त्या बाजूला मॅडम पदराने डोळे पुसत होत्या. दोघींमध्ये माझी दोन बोटे जाडीची फळी होती. दोन्हीकडचे फक्त मलाच दिसत होते आणि मला काही बोलता येत नव्हते. मित्रांनो, एवढा एकटा मी कधीच नव्हतो.

पाचव्या दिवशी तिने हलकेच टकटक केली आणि फळीला तोंड लावून म्हणाली, "मी त्या दिवशी चुकले. माफी मागायला आले. आज काही विचारणार नाही. तुम्ही म्हणाल तेव्हाच येईन."

मॅडमनी साखळी काढली. "मी उघडलं, कारण माझी चहाची वेळ झाली. त्या पोरीची आई उघडेलच असं नाही."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तोफ वर्गात आली. मॅडम कोपऱ्यात टेबलाशी होत्या. मी जीव मुठीत धरून वाट पाहत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच एका घराचे पुढे काय झाले ते मला ऐकायला मिळणार होते.

ती मॅडमच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली आणि बोलू लागली. बराच वेळ बोलली. आणि मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही. जिचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, ती त्या घराबद्दल इतके हळू बोलत होती की चार पावलांवरच्या मला फक्त ओठ हलताना दिसत होते.

मॅडम तेवढ्या एकदा नेहमीच्या आवाजात बोलल्या. "पाणी दिलं त्यांनी?"

तिने मान डोलावली.

"मग शाळेला कळवते मी. नाव राहू दे म्हणून."

पुढे मॅडम निवृत्त झाल्या. आता मुले संगणकाच्या पडद्यावरच्या घरांची दारे पडद्यावरच वाजवतात म्हणे. मला मोडक्या बाकांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे केले आहे. सागवानाला वाळवी लागली आहे. वर्षानुवर्षे टकटक नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, बिजागऱ्यांना अधूनमधून दोन थेंब तेल द्या, हे तर मी सांगणारच. पण त्याहून एक गोष्ट जास्त जपा. ज्या घराने तुम्हाला आत घेतले, त्या घरातले बोलणे बाहेर नेऊ नका, मग ऐकणारा कितीही आसुसलेला असो. त्या मुलीची आई आत काय बोलली, हे ऐकायला मी आजही आसुसलेलाच आहे. तोफेने मला ते ऐकू दिले नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.