दारावरून जाणारी वाट

वल्लरीनं देवळाच्या भिंतीवर ताणून बांधलेल्या चादरीवर पुढचा फोटो लावला, आणि त्याच वेळी बायकांच्या बाजूनं कुणीतरी उठून उभं राहिलं. फोटो सड्याचा होता, सप्टेंबरातला. सगळं कातळाचं पठार जांभळ्या-पिवळ्या फुलांनी भरलेलं. उभी राहिलेली बाई तरुण होती. तिच्या कडेवर लहान मुलगी होती, आणि प्रोजेक्टरच्या उजेडात दोघींची सावली त्या फुलांवर पडली.

"फुलं लय छान हायत," ती म्हणाली. "पर मला येक सांगा. ह्या फुलांपायी मी आजून किती वर्सं तळेगावला कामाला जायाचं?"

मागं कुणीतरी हसलं. सरपंच श्रीपतीभाऊंनी हात वर करून सभेला गप्प केलं, पण त्या बाईला खाली बसायला सांगितलं नाही.

लोणावळ्याजवळ, औंढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीत वल्लरी आणि तिचा वर्गमित्र मुकुल पावसाळ्यापासून येत होते. दोघं पुण्याला विद्यापीठात शेवटच्या वर्षाला. अरुंधती मॅडमांच्या विषयाला लेखी परीक्षा नव्हती. डोंगरातलं एखादं गाव घ्यायचं, तिथला एक खरा प्रश्न समजून घ्यायचा, आणि तो जिथं सुटू शकेल तिथपर्यंत नेऊन मांडायचा, एवढंच. या वाडीचा प्रश्न तिच्या डोक्यावरच होता. सड्यावर मुरूम पसरून, काँक्रीट ओतून तिथं मोठं पार्किंग आणि 'पॉइंट' करायचा प्रस्ताव आला होता. शनिवार-रविवारी लोणावळ्यात न मावणाऱ्या गाड्या इकडे वळवायच्या होत्या. पण सड्याच्या भेगांतून मुरलेलं पाणीच खाली वाडीच्या झऱ्याला येतं. सडा झाकला तर झरा उन्हाळ्यापर्यंत टिकायचा नाही, हे वल्लरीनं पुन्हापुन्हा तपासून पाहिलं होतं.

"तुमच्या झऱ्याचं पाणी..." तिनं सुरुवात केली.

"पान्याचं मला म्हाईत न्हाई का? मीच भरते." त्या बाईनं मुलीला जरा वर सरकवलं. "हिला सासूपाशी ठिवून अंधारात निघते, परत येते तवा ही निजलेली आसती. पॉइंट झाला तर मी दारात टपरी टाकीन. घरी ऱ्हाईन. तुमी परीक्षा झाली की जाल. आमी हितंच हाव."

वल्लरीच्या हातात रिमोट होता. पुढचा फोटो आणखी फुलांचाच होता. तिनं तो लावला नाही.

सड्याबद्दलचा ठराव पुढच्या सभेत घेऊ, असं श्रीपतीभाऊंनी जाहीर केलं आणि माणसं उठली. मुकुल चादरीच्या गाठी सोडू लागला. अरुंधती मॅडम इतका वेळ मागं सतरंजीवर बसून होत्या. सभेत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, याचा वल्लरीला मनातून राग आला होता.

"कोण ती?" मॅडमांनी विचारलं.

"स्नेहल. वरच्या टोकाला घर आहे तिचं."

"जाऊन ये तिच्याकडे."

"मॅडम, ती माझं ऐकणार नाही."

"ऐकवायला नकोच जाऊस."

पुढच्या रविवारी वल्लरी एकटीच वाडी चढून गेली. स्नेहलचं घर शेवटचं. त्यापुढं पायवाट सड्याकडं वळायची. स्नेहल दगडावर कपडे धूत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कपडे आपटायला लागली.

"आज सुट्टी हाय माजी. भाषान नगं."

"आगं, पोरगी चढून आलीया," आतून तिची सासू, लीलाबाई, बाहेर आली. "आदी पानी तरी दे."

वल्लरी ओट्यावर बसली. पाणी थंडगार होतं. स्नेहलची मुलगी राजेश्वरी, जिला घरात सगळे राजी म्हणत, जवळ येऊन वल्लरीच्या ओढणीचे गोंडे मोजल्यासारखी एकेक ओढू लागली. वल्लरीनं मनात आलं तेच विचारलं.

"टपरीत काय काय ठेवणार तुम्ही?"

स्नेहलचा हात थांबला. चेष्टा आहे की काय, अशा नजरेनं तिनं पाहिलं.

"च्या," ती म्हणाली. "भजी. कनसं. म्यागी, ती तर ठिवाच लागती. शहरातली मानसं डोंगरावर आली का म्यागीच मागत्यात."

"आन तांदूळ," लीलाबाई म्हणाली.

"व्हय, आपला इंद्रायनी, किलोकिलोच्या पिशव्या करून." आता स्नेहल उठली. ओले हात झटकत तिनं अंगणात जागा दाखवली. इथं चूल, तिथं त्या हिरड्याखाली बाकडं, पावसात वर ताडपत्री. बोलता बोलता तिचा चेहराच निराळा दिसायला लागला. सभेत उभी होती ती बाई हीच का, असं वाटावं. "मानसं ही हितनं चढत्याल," तिनं दारासमोरच्या वाटेकडं बोट केलं. "उतरतानाबी हितनंच."

वल्लरीनं त्या वाटेकडं पाहिलं. मग तिनं पिशवीतून नकाशा काढला, ओट्यावर पसरला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून राजीनं आणून दिलेले खडे कोपऱ्यांवर ठेवले.

"स्नेहलताई, नवा रस्ता इथून नाही."

"मंग कुटनं?"

"मागच्या अंगानं. खाली डांबरी रस्त्याला फाटा फुटतो, तो डोंगराला वळसा घालून थेट सड्यावर जातो. वाडी लागतच नाही."

स्नेहलचं बोट अजून ओलं होतं. लाल रेघेवरून ते हळूहळू फिरलं, तसा कागद मागं ओला होत गेला. वाडीचा ठिपका रेघेपासून लांब होता.

"म्हंजी माज्या दारावरनं कुनीच जानार न्हाई?"

"वरती गाळे काढणार आहेत. त्यांचा लिलाव होईल."

"लिलावात आमी कुटं उबं ऱ्हानार," लीलाबाई म्हणाली.

स्नेहलनं नकाशावरचं बोट उचललं. "हे तू सभेत का न्हाई सांगितलंस?" तिनं विचारलं. ती 'तू' म्हणाली, हे दोघींनाही कळलं नाही.

वल्लरीकडं तो नकाशा कित्येक महिने होता. तिनं त्यात झरा पाहिला होता, भेगा पाहिल्या होत्या, उतार आणि पाण्याची दिशा पाहिली होती.

"मला दिसलंच नाही," ती म्हणाली.

ती नुसतं एवढंच म्हणाली, म्हणून असेल, पण स्नेहल हसली. पदर खोचून ओट्यावर टेकली. "हे बग, मला पॉइंटाचं काय पडलेलं न्हाई. मला दारावरनं जानारी मानसं पायजेत. गाड्या कुटंबी लावू देत."

"कुठंही?"

"व्हय. कुटंबी."

वल्लरीनं नकाशावरून मान वर केली. वाडीच्या पायथ्याला, डांबरी रस्त्याला लागूनच, दगडाची जुनी खाण होती. कधीच बंद पडलेली. मधला सपाट भाग रिकामाच. तिथं झाडं नव्हती, माती नव्हती, आणि तिथलं पाणी झऱ्याला येतही नव्हतं.

"खाण," ती म्हणाली.

स्नेहल उठून अंगणाच्या कडेशी गेली आणि खाली बघत राहिली. "आन तितनं सड्यावर जायाचं तर..." तिनं वळून वाटेकडं पाहिलं. "वाडीतनंच चढावं लागतंय."

"मंग आता जेवूनच जा," लीलाबाई म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतरचे दिवस वल्लरीला नंतरही सलग आठवत नसत. स्नेहलच्या सुट्टीला दोघी मिळून वाडीतलं एकेक घर करायच्या. वल्लरी पाण्याचं सांगायची, स्नेहल वाटेचं. कुठं चहा मिळे, कुठं दार लावून घेत. सड्याजवळ ज्यांची जमीन होती ते उघड चिडले. श्रीपतीभाऊंना, वरून आलेलं काम हातचं जाईल अशी धास्ती होती. मुकुलनं खाणीतल्या पार्किंगचा आराखडा काढला, तो त्यांनी दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला. पुढच्या सभेत बायकांच्या बाजूचे जवळजवळ सगळे हात वर झाले, तेव्हा त्यांनी खाणीचा ठराव स्वतः वाचला. आवाज मात्र बारीक होता.

आता तो वडगावला तालुक्याच्या साहेबांपुढं मांडायचा होता. वल्लरीची परीक्षा ती हीच. मॅडम तिथं बसून तिचं बोलणं ऐकणार होत्या, गुण देणार होत्या. वल्लरीनं घरी आरशासमोर उभं राहून सगळं पाठ केलं होतं. स्नेहलनं दोन वाक्यं बोलायची, असं ठरलं होतं.

लीलाबाईला ताप भरला, म्हणून त्या सकाळी स्नेहल राजीला घेऊनच आली. कचेरीच्या व्हरांड्यात बराच वेळ ताटकळल्यावर शिपायानं नाव पुकारलं. श्रीपतीभाऊ आत गेले, मुकुल लॅपटॉप घेऊन गेला, मॅडम गेल्या. दारातून आतली गर्दी पाहून राजीनं भोकाड पसरलं.

"सायेब चिडत्याल," शिपाई म्हणाला. "लेकरू बाहेरच ठिवा."

स्नेहल दोन पावलं मागं आली. तिनं नवी साडी नेसली होती, आणि राजीच्या लाळेनं तिचा खांदा ओला झाला होता.

"जा तू," ती वल्लरीला म्हणाली. "तुला येतं बोलाया. मी थांबते हितं."

आतून मुकुलनं वल्लरीला खूण केली. त्याच्या मागं मॅडम मांडीवर कागद ठेवून, पेन उघडून बसलेल्या दिसल्या. वल्लरीनं क्षणभर तिकडं पाहिलं. मग तिनं दोन्ही हात पुढं केले आणि राजीला स्नेहलच्या कडेवरून उचलून घेतलं.

"तुम्ही जा, ताई. वाट तुमच्या दारावरची आहे."

"आगं पर तुजी परीक्षा..."

"जा ना."

दार लागलं. राजी आणखी मोठ्यानं रडायला लागली. वल्लरी तिला घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. काहीतरी बोलायला हवं म्हणून तिनं पाठ केलेलंच सुरू केलं, "सह्याद्रीतल्या सड्यांची जलधारण क्षमता..." राजीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. वल्लरीला हसू आलं.

"बरं. वर सड्यावर पाऊस पडतो ना, तो कुठं जातो?"

"कुतं?"

"दगडाच्या आत. मग आतल्या आत हळूहळू खाली येतो. तुझ्या घराजवळ. तुझी आई हंडा भरते ना, तो तोच पाऊस."

राजीनं हुंदका गिळला. आतून स्नेहलचा आवाज येऊ लागला होता. "मी सदर वाडीची रहिवासी असून..." एवढं म्हणून तो थांबला. व्हरांड्यात वल्लरीही थांबली. आत कुणी खुर्ची सरकवली. मग पुन्हा तोच आवाज आला, पण आता मोकळा, देवळात आला होता तसा.

"सायेब, मी माज्या भाषेत बोलते."

वल्लरी दाराजवळच्या भिंतीला टेकली. त्या दिवशी हा आवाज उठला नसता, तर आज आत ती स्वतः उभी असती, फुलांचे फोटो दाखवत. फोटो छान आहेत म्हणून सर्वांनी मान डोलावली असती, आणि रस्ता मागच्या अंगानं गेला असता. तिच्या खांद्यावर राजीची मान जड होत गेली. आत कुणीतरी हसलं, पण हे हसणं देवळातल्यासारखं नव्हतं. वल्लरीनं डोळे मिटून घेतले आणि राजीला थोपटत राहिली.

दार उघडलं तेव्हा आधी श्रीपतीभाऊ बाहेर आले. "सायेब सोता येनार खान बघाया," ते शिपायालाच सांगू लागले. "तवर सड्याचं काम थांबवा म्हनाले." स्नेहल मागून आली. तिचा चेहरा लाल झाला होता. वल्लरीच्या दंडाला तिनं घट्ट धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.

"घसा सुकला माजा," शेवटी ती म्हणाली. "दे तिला हिकडं."

"राहू दे, झोपलीय. स्टेशनपर्यंत मीच घेते."

अरुंधती मॅडम सगळ्यांत शेवटी आल्या. कागद अजून त्यांच्या हातात होता. वल्लरीच्या नावापुढची जागा कोरी होती.

"इथं काय लिहू मी?"

"गैरहजर लिहा, मॅडम."

मॅडमांनी तिच्याकडं पाहिलं, मग खांद्यावरच्या मुलीकडं. पेनाला टोपण लावलं.

"पिशवी दे माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "मुलीची मान नीट धर."