हवामानापुरते शब्द

मी एक जुना संगणक आहे. भाषांतरकार म्हणून नोकरीला होतो, तोही फक्त हवामानाचा. मित्रांनो, प्रेम, कर्ज, सासू यांतला एकही शब्द मला कधी आला नाही. पाऊस, बर्फ, धुकं, वारा, आठ दिशा, आज, उद्या आणि 'शक्यता आहे' एवढ्या भांडवलावर मी माँट्रियलमध्ये सगळी हयात काढली.

माझ्याआधीच्या संगणकांना विद्वानांनी अख्खी भाषा एकदम शिकवायला घेतली होती. ते पहिल्याच परिच्छेदात आडवे झाले. मला घडवणारे प्राध्यापक फिलिबेर म्हणाले, "पोराला आधी अंगणात चालू द्या, मग रस्त्यावर सोडा." त्यांनी मला मोजके शब्द आणि आखीव वाक्यं दिली. शिवाय एक वळण लावलं. वाक्य कळलं नाही तर उगाच शहाणपणा करायचा नाही. ते तसंच छापायचं, पुढे तारा काढायचा आणि घंटी वाजवायची. माणूस येऊन बघेल.

हॅलिफॅक्सच्या वेधशाळेतून अंदाज इंग्रजीत यायचा, मी त्याचं फ्रेंच करायचो, आणि तो रेडिओवर जायचा. पूर्वी हे काम माणसं करत. दुसरा हिवाळा संपायच्या आत पळून जात. रोज 'अंशतः ढगाळ' लिहून लिहून माणसाचं दुसरं काय होणार?

माझ्या घंटीला धावून येणारी बाई होती जिलेन. ती दूर समुद्रातल्या मॅग्डालेन बेटांवरची. तिचे वडील आल्सिद तिथं शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, पकडणारे नाखवा. आणि हॅलिफॅक्सला अंदाज लिहायला बसलेला वेन्डेल. त्यानं माझ्याच शब्दांत लिहावं असा करार होता. वेन्डेलला करार मान्य होता, शब्द मान्य नव्हते. 'आकाश आज फुगून बसलंय,' असं तो लिहायचा. मी तारा काढायचो. जिलेन फोन उचलायची.

"वेन्डेल, फुगून बसलंय म्हणजे काय रे? कुणावर?"

"बाई, खिडकीतून बघा, कळेल."

"मला कळलं रे बाबा! याला कळायला हवं ना!"

"मग त्यालाही खिडकीशी बसवा."

त्यावर जिलेन इकडच्या रिवाजाप्रमाणे, म्हणजे चर्चमधल्या पवित्र वस्तूंची नावं घेत, तिथली निम्मी भांडीकुंडी घालून शिवी हासडायची आणि वाक्य दुरुस्त करायची. आमचं बरं चाललं होतं.

मग कचेरीचे नवे प्रमुख म्हणून बोल्ड्यूक साहेब आले. त्यांना घंटीचा त्रास व्हायला लागला.

"ही सारखी का वाजते?"

"त्याला कळत नाही तेव्हा वाजते, साहेब."

"इथं कितीतरी जणांना कळत नाही. कुणाची वाजते?"

जिलेन भांडली. पण हुकूम निघाला: न कळलेलं वाक्य गुपचूप गाळायचं. घंटी काढली, तारे गेले. वरचे साहेब येऊन माझी पाठ थोपटून गेले. मी मात्र अस्वस्थ होतो. गाळलेलं प्रत्येक वाक्य घशात अडकलेल्या काट्यासारखं टोचायचं. खाकरायची सोय उरली नव्हती.

आणि मे महिन्यातली ती सकाळ आली. शेवंडींच्या हंगामाचा पहिला दिवस. त्या दिवशी बेटांवरच्या सगळ्या बोटी काठोकाठ पिंजरे लादून एकदम निघतात. तिथल्या चर्चच्या फादरनी धक्क्यावर येऊन आशीर्वाद दिल्याशिवाय मात्र एकही दोर सुटत नाही.

हॅलिफॅक्सहून अंदाज आला. 'अंशतः ढगाळ. नैर्ऋत्येचा मध्यम वारा.' हे माझं रोजचं जेवण. पुढे वेन्डेलनं लिहिलं होतं, 'वायव्येकडून वाऱ्याची भिंत चालून येतेय. लादलेल्या बोटी उलटवील. धक्का सोडू नका.' भिंत, लादणं, उलटणं, धक्का, यांतलं काहीच मला येत नव्हतं. मी सगळं गिळलं. उरलेला छान, स्वच्छ अंदाज बेटांवर गेला.

जिलेननं तो कॉफी पिता पिता वाचला आणि कप तसाच हातात राहिला.

"घंटी गेल्यापासून या वेन्डेलनं मला एकदाही छळलेलं नाही," ती पुटपुटली. "सुधारला? या वयात?"

तिनं इंग्रजी कागद ओढून काढला, वाचला, आणि बंदरावरच्या शेडमध्ये फोन लावला. फादर लेआंद्रनीच उचलला. दर्यावर ओरडायची सवय असल्यानं त्यांचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

"फादर, मी जिलेन, आल्सिदची! बोटी थांबवा, वादळ येतंय!"

"अगं, रेडिओ तर मध्यम वारा म्हणतोय."

"रेडिओ आमचंच वाचतो! चुकलंय ते!"

"तुझा बाप ऐकेल? आज जो मागं राहिला त्याची पिंजरे टाकायची चांगली जागा गेली. माझं तर तो मरतानासुद्धा ऐकणार नाही."

"मग सांगू नका. आशीर्वाद लांबवा."

"किती?"

"वारा येईपर्यंत."

"पोरी, आशीर्वादात घ्यायला संतांची नावं संपतील गं!"

"मग बुडालेल्या नाखव्यांची नावं घ्या. ती संपत नाहीत."

फादर रिसीव्हर तसाच बाजूला ठेवून गेले. दुरून नावं ऐकू यायला लागली. एकामागून एक, सावकाश. कुणाचा बाप, कुणाचा काका, कुणाचा थोरला मुलगा. आपल्या माणसाचं नाव चाललेलं असताना दोर कोण सोडणार? जिलेन फोन कानाशी धरून उभी होती. मध्येच एका नावाला तिनं डोळे मिटले. ते तिच्या आजोबांचं होतं. मला त्यातलं एकही नाव येत नव्हतं.

मग तिकडून जो आवाज आला तो मात्र मला येत होता. वारा. वायव्येचा. पत्रे थडथडले, माणसं ओरडली, "दुहेरी बांधा, दुहेरी!" बऱ्याच वेळानं कुणीतरी रिसीव्हर उचलला.

"कोण, जिलेन? हा फादर आज सुटलाच होता बघ. माझ्या बापाचं नाव घेतलं म्हणून थांबलो, नाहीतर मी केव्हाच..." तो आल्सिदचा आवाज होता, तिच्या वडिलांचा.

जिलेननं फोन ठेवला. उरलेली निम्मी भांडीकुंडी तिनं तेव्हा वापरली, बोल्ड्यूक साहेबांच्या तोंडावर. दुपारी घंटी परत बसवली गेली.

मित्रांनो, मी आता तळघरात आहे. तुमच्याकडे सगळे शब्द येणारे संगणक आलेत म्हणे, आणि ते कधीच अडत नाहीत. मला धास्ती वाटते ती त्याचीच. त्यांना अडायला शिकवा. आणि ते अडले तर चिडू नका. आधी बघा, कुणाची बोट निघाली आहे.