न फुटलेली काच

लांबीला सगळे लांबी म्हणत, आणि उंची म्हणाल तर काउंटरमागे उभा राहिला की दुकानात कोणी नाही असं समजून गिऱ्हाईक परत जाईल. नाव पडलं होतं ते खिडकीच्या काचेभोवती जी लांबी भरतात तिच्यावरून. वर्षानुवर्षं ऊन खाऊन दगड झालेली लांबी हा गृहस्थ एका पातळ पात्यानं सोलून काढायचा, काच अलगद उतरवायचा, भिंतीला टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्याच्या घरात शिरायचा. बरोबर धाकटा भाऊ. दोघांचा नियम एकच होता, काच उतरवायची, फोडायची नाही. फोडली की आवाज होतो, आवाज झाला की माणूस उठतो, माणूस उठला की मारामारी आली, आणि मारामारीची दोघांनाही मनापासून भीती वाटायची. शूर माणसं चोऱ्या करत नाहीत, असं लांबी म्हणायचा.

पुढं लांबी शिक्षा भोगून बाहेर आला, त्यानं धंदा सोडला आणि खिडक्या बसवणाऱ्या एका दुकानात कामाला लागला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं बायको म्हणाली. धाकट्याला मात्र तो नाद सुटेना, आणि मग तो अडकला. चोरीत नाही, खुनात. एका बंगल्यात एक म्हातारा डोक्यात घाव बसून मेला. खिडकीची काच फुटलेली, कपाट उघडं. धाकट्याला त्या गल्लीत घुटमळताना लोकांनी पाहिलं होतं. घुटमळला होता हे खरंच, खिडक्यांची लांबी जुनी आहे की नवी ते बघायला. पण खून झाला त्या दिवशी तो तापानं फणफणून लांबीच्या घरी पडला होता. लांबीनं कोर्टात तसं सांगितलंही. चोराचा भाऊ चोर, त्याची साक्ष कोण धरणार? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्यासी नव्हता, नुसता दुसरा चोर होता, त्यामुळं कोणाला काही वाटलंही नाही. जन्मठेप झाली.

त्यानंतर लांबीच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. धाकट्याला बाहेर काढायचं. कसं, ते माहीत नव्हतं.

वाट सापडली ती भलतीकडूनच. लांबीला दोनदा पकडणारे फौजदार निवृत्त झाले होते आणि घरी बसून बायकोच्या भाजी चिरण्याचा तपास करत होते. घरच्यांनी कंटाळून त्यांना एका कार्यक्रमात पाठवलं. पोलिसांनी आणि सुटलेल्या चोरांनी आपापल्या जुन्या गोष्टी सांगायच्या आणि लोकांनी त्या मोबाईलवर ऐकायच्या, असा तो कार्यक्रम. फौजदारांनी तिथं सांगितलं, चोर-पोलीस एकट्यानं खेळता येत नाही, माझा चोर बोलवा. आणि लांबी गेला.

स्टुडिओ कसला, एका दुकानाच्या मागची सामानाची खोली ती. भिंतींना स्पंज चिकटवलेला, आवाज नको म्हणून पंखा बंद, तिघंही घामानं निथळलेले. तिसरी ती निवेदिका. पोरगी तरतरीत होती. तिच्या खुणा ठरलेल्या होत्या. बोट गोल फिरवलं की आटपा, आणि दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ओढले की हसवा.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "घरफोडीत तुमचा हात कोणी धरायचा नाही म्हणे?"

"घरफोडी हा शब्दच चुकीचा आहे, ताई," लांबी म्हणाला. "आम्ही आयुष्यात काही फोडलं नाही. आम्ही घर उघडायचो. काच उतरवून ठेवायचो, जाताना जमलं तर परत लावायचो."

"खरं आहे," फौजदार म्हणाले. "एका घरच्यांना तर चोरी झाल्याचं आठवड्यानं कळलं. काच इतकी स्वच्छ पुसली होती की बाईंना वाटलं, मोलकरीण सुधारली."

लोकांना ते आवडलं. आणि ऐकणाऱ्यांत एक वकीलबाई होत्या. त्या थेट दुकानात आल्या, लांबी खिडकीला रबर लावत होता तिथं येऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या भावाच्या खटल्यात हे कोणी सांगितलंच नाही?"

"विचारलं कोणी?" लांबी म्हणाला.

वकीलबाईंनी सगळे कागद मागवून वाचले. पुरावा म्हणजे काय, तर गल्लीतलं ते घुटमळणं आणि जुना गुन्हेगार असणं. जो माणूस कधीच काच फोडत नाही त्यानं इथंच का फोडावी, हा प्रश्न उभा करता आला तर फेरसुनावणी मिळेल, असं त्या म्हणाल्या. पण हे चोरानं सांगून चालणार नाही. पोलिसानं सांगायला हवं.

फौजदारांनी मान डोलावली, एका शब्दानं नाही म्हटलं नाही. खुनाचा तपास दुसऱ्या ठाण्यानं केला होता, पण या दोन भावांच्या बाकी सगळ्या चोऱ्या त्यांच्याच हाताखालून गेल्या होत्या. त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली की एकाही ठिकाणी काच फुटलेली नव्हती. लांबी त्यांच्या पाया पडायला वाकला तर म्हणाले, "ऊठ. आधीच जमिनीजवळ आहेस, आणखी किती वाकतोस."

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी बजावलं, "सुनावणी होईपर्यंत त्या खटल्याबद्दल कार्यक्रमात अवाक्षर काढायचं नाही." लांबीनं कानाच्या पाळ्या धरल्या. आणि शब्दही पाळला. तेच तर दुखणं आहे. खटल्याबद्दल तो खरोखर काही बोलला नाही.

झालं असं, की कार्यक्रम लोकांसमोर करायचं ठरलं. मोठं सभागृह घेतलं, तिकिटं संपली, पहिल्या रांगेत लांबीची बायको नवी चप्पल घालून बसली. पण त्या संध्याकाळी रंगच भरेना. फौजदारांनी एक दरोडा सांगितला, लोक गप्प. दुसरा सांगितला, कोणीतरी खोकलं. खोलीत तिघांसमोर गप्पा मारणं वेगळं आणि अंधारात बसलेल्या शेकडो डोक्यांसमोर बोलणं वेगळं. निवेदिकेनं ओठांचे कोपरे वर ओढले. मग पुन्हा ओढले. लांबीला घाम फुटला, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"माझ्या धाकट्याची एक गंमत सांगतो," तो म्हणाला. "एकदा काच उतरवता उतरवता त्याला शिंक आली. शिंकेला काय वेळकाळ असतो? कोपर लागलं आणि काच खळ्ळकन खाली. मी म्हटलं, पळ. हा पळेना. मागं वळून बघतो तर हा गडी घरातला झाडू शोधून काचा गोळा करतोय. अरे, काय करतोस? तर म्हणतो, दादा, दारात छोटे बूट आहेत. घरात लहान मूल आहे. सकाळी त्याच्या पायात जाईल."

सभागृह आधी हसलं आणि मग असं काही हळहळलं की लांबीच्या अंगावर काटा आला. बायका डोळे पुसत होत्या. धाकट्यासाठी. ज्याच्यासाठी आजवर आईखेरीज कोणी डोळे पुसले नव्हते, त्याच्यासाठी. लांबीला वाटलं, बोलून टाकावं की हाच तो, माझा भाऊ, आत सडतोय. पण शब्द दिला होता.

आणि फौजदार, रंगात आलेले, पुढं सरसावले. "खोटं नाही सांगत. पंचनाम्याला मीच गेलो होतो. कोपऱ्यात काचांचा ढीग, त्यावर झाडू. मी हवालदाराला म्हटलं, चोर होता की घरजावई?"

टाळ्या थांबेनात.

घरी जाताना बायकोनं विचारलं, "हे कधी झालं होतं?"

"झालं नव्हतं."

"मग साहेबांनी ढीग कुठला बघितला?"

"अगं, कार्यक्रमात असं चालतं. एकानं टाकलं की दुसऱ्यानं उचलायचं."

"जगाची कुलपं उघडलीत," बायको म्हणाली, "एक स्वतःच्या तोंडाला लावायला काय झालं होतं?" लांबीनं हसण्यावारी नेलं. खटल्याचं तो थोडंच बोलला होता? हे तर भलत्याच घरचं, आणि तेसुद्धा मुळात नसलेल्या. त्याला खरोखर वाटत होतं की आज आपण धाकट्याचं भलं केलं.

सुनावणीच्या दिवशी फौजदार इस्त्रीचा शर्ट घालून पिंजऱ्यात उभे राहिले. बोलले छान. आवाज जुनाच, ठाण्यातला. वकीलबाईंच्या चेहऱ्यावर लांबीनं प्रथमच थोडंसं हसू पाहिलं, आणि आशेनं तो बाकावर पुढं सरकून बसला.

मग समोरचे वकील उठले. त्यांनी काही विचारलंच नाही. खिशातून मोबाईल काढला, परवानगी घेतली आणि सभागृहातला तो कार्यक्रम लावला. शिंक. खळ्ळकन. झाडू. लहान मुलाचे बूट. कोर्टातसुद्धा मागच्या बाकावर कोणीतरी फस्सकन हसलं, गोष्ट होतीच तशी. आणि मग फौजदारांचा आवाज आला, खोटं नाही सांगत.

"हा आवाज आपला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो. पण साहेब, तो कार्यक्रम होता. तिथं थोडं मीठमसाला..."

"म्हणजे तिथं आपण खोटं बोललात?"

"खोटं म्हणजे... रंगवून."

"तिथं 'खोटं नाही सांगत' असं म्हणून रंगवलंत. इथं शपथ घेऊन काय करताय, ते मी कसं ओळखू?"

आयुष्यभर फौजदारांनी माणसं अशीच कोंडीत पकडली होती, त्यामुळं उत्तर नाही हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं. लांबी बाकावरून उठून मोठ्यानं म्हणाला, "साहेब, ती गोष्ट मी रचली. देवाशपथ, ती काच फुटलीच नाही." शिपायानं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. समोरचे वकील शांतपणे म्हणाले की रचून सांगणं हाच या गृहस्थांचा सध्याचा व्यवसाय आहे. अर्ज फेटाळला गेला. बाहेर पायऱ्यांवर वकीलबाईंनी फायली छातीशी धरल्या आणि सांगितलं की आता वरच्या कोर्टात जायलाही काही उरलेलं नाही. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. फौजदार रिक्षात बसून निघून गेले.

धाकट्याला हे सांगायला लांबी एकटाच गेला. रस्ताभर तो वाक्यं जुळवत होता. ज्या माणसाला बोलण्याबद्दल टाळ्या मिळतात त्याला चार सरळ वाक्यं जुळेनात. भेटीच्या खोलीत जाळी होती, जाळीच्या अलीकडं एक स्टूल आणि पलीकडं एक. धाकटा आला, बसला. केस पांढरे झालेले, पण चेहऱ्यावर लांबीनं कित्येक वर्षांत न पाहिलेला उजाळा.

"अर्ज गेला," लांबी म्हणाला. "माझ्यामुळं गेला."

"कळलं. इथं बातमी आधी येते." धाकट्यानं मान खाली घातली, मग वर केली. "दादा, ती तुझी गोष्ट आम्ही ऐकली. एका शिपायाच्या मोबाईलवर. झाडूची."

लांबीला वाटलं, आता शिव्या घालेल. घालू दे. त्यासाठीच तर आलो.

"कुठलं रे घर ते? मी आठवतोय, आठवतोय, पण घरच डोळ्यांपुढं येत नाही. बूट मात्र आठवतात. लाल होते ना?"

"घर नव्हतंच," लांबी म्हणाला. "मी जुळवली. लोक हसत नव्हते म्हणून."

"पण साहेबांनी ढीग पाहिला."

"त्यांनीही जुळवलं."

धाकट्याच्या चेहऱ्यावरचं ते उजळलेलं काहीतरी विझत गेलं, आणि लांबीला ते बसून बघावं लागलं.

"म्हणजे हेही मी केलेलं नाही," धाकटा म्हणाला.

लांबी ढसाढसा रडला. म्हातारा माणूस, स्टुलावर पाय जमिनीला न टेकणारा, शाळकरी पोरासारखा रडला. धाकट्यानं त्याला रडू दिलं. मग जाळीला तोंड लावून हलक्या आवाजात म्हणाला, "आत कोणाला सांगू नकोस, दादा. ते ऐकल्यापासून माझ्याशी नीट वागतात. परवा एकानं त्याच्या मुलाचा फोटो दाखवला मला. मी सगळ्यांना सांगितलंय, हो, झाडल्या मी काचा."

लांबीनं बाहीनं नाक पुसलं आणि मान हलवली.

भेटीची वेळ संपत आली तसा जाळीपलीकडचा पहारेकरी धाकट्याजवळ आला. जाडजूड, मिशीवाला, पण लांबीकडं बघताना लाजल्यासारखा. "तुम्हीच ना ते लांबी?" तो म्हणाला. "आमच्या घरी सगळे ऐकतात. ती काचेची गोष्ट एकदा तुमच्या तोंडून ऐकवा की. आहेत अजून दोन मिनिटं."

लांबीनं जाळीपलीकडं पाहिलं. धाकटा त्याच्याकडंच बघत होता, श्वास रोखून.

"एकदा काच उतरवता उतरवता याला शिंक आली," लांबी म्हणाला. त्यानं घाई केली नाही. शिंक काढून दाखवली, काच पाडली, झाडू शोधायला लावला, आणि दारातले छोटे बूट या वेळी लाल केले. पहारेकरी पोट धरून हसला, मग त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. धाकटाही हसला, बरोबर जिथं हसायला हवं तिथं. मग तो उठला आणि पहारेकऱ्याबरोबर आत गेला.